ट्यूबचा ॲम्प: नुसती हौस, की आवाजच वेगळा?

प्रश्न : माझा मुलगा इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आता त्याला जुन्या पद्धतीचा ट्यूब ॲम्प हवा आहे. किंमत गिटारपेक्षा जास्त, आत काचेचे दिवे, सुरू केल्यावर तापायला वेळ, आणि ताकद म्हणे फक्त १२ वॅट! आमच्याकडे वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. ट्रान्झिस्टर घरात आल्यावर तो आम्ही आनंदाने भंगारात दिला. साऱ्या जगाने टाकलेली वस्तू गिटारवाल्यांनीच का धरून ठेवली? आवाजात खरंच फरक असतो, की मनाचे खेळ?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फरक असतो. कानाला कळतो आणि यंत्रावर मोजताही येतो. मात्र त्याचं सगळं श्रेय काचेच्या नळ्यांना, म्हणजे ट्यूब ऊर्फ व्हॉल्व्हना, द्यायची जी रीत पडली आहे, ती काही खरी नाही. तुमच्या एका पत्रात चार-पाच प्रश्न आहेत, ते सुटे करून पाहू.

रेडिओ भंगारात दिला ते चुकलं का?

मुळीच नाही. रेडिओच्या ॲम्प्लिफायरचं काम एकच: आकाशवाणीवर गाणं जसं लागलंय तसं, पदरचं काही न घालता, मोठं करून ऐकवायचं. या कामात ट्रान्झिस्टर सरस ठरला. तो स्वस्त, चिमुकला, फारसा तापत नाही आणि बॅटरीवर चालतो. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये तो जन्मला आणि पुढच्या काही दशकांत घराघरांतले व्हॉल्व्ह बाद झाले.

गिटारच्या ॲम्पचं तसं नाही. मुलाला एकदा वायर न जोडता ती गिटार वाजवायला सांगा. दाराआड गेलात तर धड ऐकू येणार नाही, कारण या गिटारचं अंग बहुधा भरीव लाकडाची फळी असते. तारांखालच्या चुंबकीय पिकअपमधून निघणारा विजेचा संकेतही क्षीण, व्होल्टच्या काही दशांशांचा. तंबोऱ्याला जसा भोपळा, तसा या गिटारला ॲम्प. भोपळ्याने आवाजात स्वतःचं काही मिसळू नये, असं आपण म्हणतो का? मिरजेचा कारागीर भोपळा पारखून घेतो तो त्याच्या नादासाठीच. ॲम्पही वाद्याचा अर्धा भाग आहे, आणि वाद्याकडून आपण तटस्थपणा मागत नाही, नाद मागतो.

सुरुवातीला असा विचार कोणीच केला नव्हता. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या बँडमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गदारोळात गिटार बुडून जायची. तिला वर काढायचं एवढाच हेतू होता. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण बँडप्रमुख बेनी गुडमनच्या चमूत आला आणि सनई-शिंग वाजवणाऱ्यांसारखा एकेक सूर मोकळेपणी वाजवू लागला, तो ॲम्पच्या जिवावर. तेव्हा ट्यूबला पर्यायच नव्हता. पुढे गिटार आणि ॲम्पच्या दुनियेत ज्याचं नाव झालं तो लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. ॲम्पसाठी लागणारे ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर हे सगळं रेडिओचंच सामान. तुम्ही दिलेल्या रेडिओत आवाजासाठी ईएल८४ नावाचा व्हॉल्व्ह असेल, तर ऐका: लंडनजवळच्या डार्टफर्डमध्ये बनलेल्या आणि पुढे बीटल्समुळे जगभर गेलेल्या व्हॉक्स एसी३० या ॲम्पमध्ये तसेच चार व्हॉल्व्ह असतात. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही रेडिओसाठी असे व्हॉल्व्ह बनवले.

त्या खोक्यात असतं तरी काय?

जुन्या पद्धतीचा आणि १२ वॅटचा म्हणता, त्या अर्थी मुलाच्या डोळ्यांसमोर फेंडरचा ‘ट्वीड डिलक्स’ किंवा त्याची आजची नक्कल असावी. त्याच्या सर्किटला जाणकार ‘५ई३’ म्हणतात. १९५५पासून १९६०पर्यंत हे मॉडेल निघालं आणि आजही जगभरचे छोटे कारखानदार आणि घरी सोल्डरिंग करणारे हौशी लोक त्याच नकाशावरून ॲम्प बनवतात.

बाहेरून पाहाल तर पाइनच्या फळ्यांचं खोकं, त्यावर तिरप्या विणीचं पिवळसर सुती कापड, पुढे १२ इंची एकच स्पीकर. वरच्या चकचकीत पट्टीवर नॉब तीनच: दोन व्हॉल्यूमचे, एक टोनचा. बासचा नाही, रिव्हर्बचा (घुमाऱ्याचा) नाही. नॉबवरचे आकडे १२पर्यंत जातात. ११पर्यंत जाणाऱ्या ॲम्पचा विनोद १९८४च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ या चित्रपटामुळे गाजला, पण फेंडरने त्याआधी तीस वर्षं १२चा आकडा छापून ठेवला होता. आणखी एक गंमत म्हणजे दोन्ही व्हॉल्यूम एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्या चॅनेलला गिटार जोडलेली नाही त्याचा नॉब फिरवला तरी जोडलेल्या चॅनेलचा आवाज बदलतो. अभियंत्याच्या हिशेबात हा दोष झाला. वाजवणारे त्याचा जादा टोन कंट्रोल म्हणून उपयोग करतात.

मागून डोकावलात तर पाच ट्यूब दिसतील. एक भिंतीतल्या विजेचं डीसी करणारी रेक्टिफायर ट्यूब, ५वाय३. दोन छोट्या, १२एवाय७ आणि १२एएक्स७, गिटारचा संकेत वाढवायला. दोन मोठ्या, ६व्ही६, स्पीकर हलवायला.

या ट्यूबचं काम समजायला सोपं आहे. काचेच्या आत निर्वात पोकळी. मधला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या धातूच्या प्लेटकडे धावतात, कारण प्लेटवर मोठा धन दाब असतो; ५ई३च्या मोठ्या ट्यूबवर तो ३०० व्होल्टच्याही वर. वाटेत तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ही जाळी घालण्याची कल्पना १९०६मधली, ली डी फॉरेस्टची. गिटारचा संकेत या जाळीवर येतो. तिथला दाब किंचित हलला की प्लेटकडे जाणारा प्रवाह त्याच ठेक्यात भरपूर हलतो. नळ फिरवायला ताकद लागत नाही, पाणी मात्र टाकीचं वाहतं, तसंच. सगळं ध्वनिवर्धन म्हणजे एवढंच.

आता तुमचा ‘तापायला वेळ’ हा मुद्दा घेऊ. प्रत्येक ट्यूबचा हीटर किती वीज खातो हे तिच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. ५वाय३ला ५ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे १० वॅट. प्रत्येक ६व्ही६ला साधारण २.८ वॅट, छोट्या ट्यूबना प्रत्येकी १.९ वॅट. बेरीज १९ वॅटच्या पुढे जाते. म्हणजे स्पीकरला १२ ते १५ वॅट देणारा हा ॲम्प त्याहून जास्त वीज नुसता तापायला घेतो! वीज वाचवण्याच्या बाबतीत तुमचा ट्रान्झिस्टर रेडिओ केव्हाही शहाणा.

आवाज फाटतो, तरी गोड कसा लागतो?

खरा मामला इथे आहे. कोणत्याही ॲम्पला मर्यादा असते. संकेत तिच्याही वर ढकलला की लहरीचं डोकं कापलं जातं. यालाच आवाज फाटणं म्हणतात. लग्नाच्या मांडवातला भोंगा फाटला की आपण कानांवर हात ठेवतो. मग गिटारचा फाटलेला आवाज लोक पैसे देऊन का ऐकतात?

लहरीचा आकार बिघडला की मूळ सुरावर नवे उपस्वर चढतात. गिटारच्या ए सुराच्या तारेची सेकंदाला ११० कंपनं होतात. तिचे उपस्वर २२०, ३३०, ४४०, ५५० असे पटीत जातात. ११०ला सा धरा: २२० म्हणजे वरच्या सप्तकातला सा, ३३० म्हणजे त्याच्याही वरचा पंचम, ५५० म्हणजे शुद्ध गंधार. खर्जाची तार नीट लागली की तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गंधार हाच. इथवर सगळी मंडळी सुराच्या घरातली. पुढचा सातवा उपस्वर, ७७०चा, कोमल निषादाच्याही जरा खाली पडतो आणि नववा, अकरावा, तेरावा तर एकमेकांना घासायला लागतात. लहर थोडीशी, गोलाई राखून चेपली तर खालचे चार-पाच उपस्वर वाढतात आणि सूर भरदार लागतो. कात्रीने कापल्यासारखी सपाट झाली तर वरच्या उपस्वरांचा थवा येतो आणि आवाज कर्कश होतो.

तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा आपण असंच काहीसं करतो. घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून तारेला घोडीवर हलकेच घसटू देतो; साधी तार ‘टण्’ करून विझली असती, ती घुमत राहते. शुद्ध, निर्मळ आवाज हवा असता तर जवारीची गरजच नव्हती. जवारी उघडी किती ठेवायची, बंद किती, यावर गवयांची मतं जितकी, तितकीच ट्यूब ॲम्पच्या ‘फाटण्या’वर गिटारवाल्यांची.

जुना ट्यूब ॲम्प मर्यादा ओलांडतो तो असा हळूहळू, गोलाईने. हळू छेडलं तर निर्मळ, जोर दिला तर किरकिरा, मधल्या सगळ्या पायऱ्या हातात. शिवाय ट्यूबची रेक्टिफायर असली की आणखी एक गोष्ट घडते. सगळ्या तारांवर जोरात हात मारला की मोठ्या ट्यूब एकदम जास्त प्रवाह मागतात, रेक्टिफायरच्या आतल्या अडथळ्यामुळे तेवढा पुरवठा होत नाही आणि दाब क्षणभर खाली बसतो. परिणामी आघात दबतो आणि मागून सूर फुलून वर येतो. वाजवणारे याला ‘सॅग’ म्हणतात. ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याच्या बोटांना हे आधी कळतं. म्हणून मुलगा ‘फील’ वगैरे म्हणत असेल तर हसू नका. त्यात तथ्य आहे.

रॉक संगीतात दोनच सुरांचे ‘पॉवर कॉर्ड’ इतके का वाजतात, याचंही उत्तर इथेच मिळतं. फाटणाऱ्या ॲम्पमध्ये दोन सूर एकदम घातले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही सूर तयार होतात. ११० आणि १६५ ही षड्ज-पंचमाची जोडी घ्या. वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा! दोन तारांत तिसरा, खर्जाचा सूर फुकट. तेच सा आणि गंधार वाजवले तर गिटारच्या पडद्यांवरचा गंधार मुळातच थोडा चढा असल्याने हे जास्तीचे सूर जुळत नाहीत आणि सगळा चिखल होतो. फाटक्या आवाजाने आपलं स्वतःचं सुरांचं व्याकरण असं घडवलं.

ते घडलं मात्र अपघातांतून. १९५१च्या ‘रॉकेट ८८’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला मेम्फिसला जाताना वाटेत गिटारच्या ॲम्पचं नुकसान झालं. ध्वनिमुद्रक सॅम फिलिप्सने स्पीकरच्या फाटक्या कागदात आणखी कागद कोंबून काम भागवलं आणि तो खरखरीत आवाज रेकॉर्डवर तसाच ठेवला. १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’मधल्या डेव्ह डेव्हिसने तर एका छोट्या ॲम्पच्या स्पीकरवर स्वतःच ब्लेड चालवलं. दोन वर्षांनी गिटारवादक एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या बँडबरोबर स्टुडिओत गेला तो मार्शलचा ॲम्प घेऊन, आणि जलशात वाजवतो तेवढ्याच मोठ्याने वाजवणार म्हणून हटून बसला. त्या १९६६च्या अल्बमनंतर फाटलेली गिटार हा दोष न राहता दर्जाच झाला. तो मार्शल ॲम्पही मूळचा फेंडरच्याच घराण्यातला. लंडनमध्ये ड्रम विकणाऱ्या जिम मार्शलच्या माणसांनी फेंडरचा ‘बेसमन’ समोर ठेवून, इंग्लंडात मिळणारे सुटे भाग वापरून १९६२च्या सुमारास तो उभा केला होता.

ट्रान्झिस्टरला हे जमत नाही का?

दुकानात तुम्हाला सांगतील की ट्यूबमधून सम संख्येचे गोड उपस्वर येतात आणि ट्रान्झिस्टरमधून विषम संख्येचे कडू. हे अर्धसत्य आहे. पहिल्या छोट्या ट्यूबमधून सम उपस्वर निघतात हे खरं; पण दोन मोठ्या ट्यूब आळीपाळीने स्पीकर ढकलतात, तेव्हा त्यांच्यातले सम उपस्वर एकमेकांना खोडतात आणि उरतात ते विषमच. वर पाहिलेला पंचम आणि गंधार तिसऱ्या आणि पाचव्या, म्हणजे विषम स्थानांवरचेच आहेत. विषम म्हणून ते कडू झाले नाहीत!

खरा फरक मर्यादा कशी ओलांडली जाते यात आहे. नेहमीच्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये आउटपुटचा काही भाग उलटा फिरवून इनपुटला देतात आणि चुका दुरुस्त करून घेतात. त्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. त्यामुळे तो ॲम्प शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ चालतो आणि मग एकदम कोलमडतो. ५ई३मध्ये असा फीडबॅक नाहीच. शिवाय ट्यूबना हजारो ओहमचा भार लागतो आणि स्पीकर ८ ओहमचा. दोघांची गाठ घालायला जाडजूड आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो. त्याचा स्वतःचा रंग आवाजात मिसळतो. ट्यूब ॲम्पची स्पीकरवरची पकडही ढिली असते. स्पीकर स्वतःच्या अनुनादावर मनासारखा घुमतो आणि खालचे-वरचे सूर उठून येतात. शेवटी तो १२ इंची स्पीकर: ५,००० हर्ट्झच्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने पडतो आणि कर्कश उपस्वरांना तिथेच कात्री लागते. या स्पीकरचा आवाज न घेता ॲम्पमधला संकेत थेट रेकॉर्डरला दिला, तर भारीतल्या भारी ट्यूब ॲम्पमधूनही नुसती भुणभुण ऐकू येते.

म्हणजे ‘ट्यूबचा आवाज’ हा ट्यूब, सर्किट, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांचा मिळून केलेला संसार आहे. याचा पुरावा क्वीनच्या संगीतात सापडतो. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा हा बँड. त्यांचा गिटारवादक ब्रायन मे आयुष्यभर व्हॉक्स एसी३०चा भक्त, पण गिटारच्या थरांवर थर चढवून वाद्यवृंदाचा भास द्यायचा असला की तो एक टीचभर ॲम्प काढायचा. बँडमधल्या जॉन डिकनने कचऱ्यात मिळालेल्या सर्किट बोर्डातून तो बनवला होता. त्यात ट्यूब एकही नाही. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी आणि अर्थातच ट्रान्सफॉर्मर. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तही तो वाजला आहे.

ट्रान्झिस्टरचं स्वतःचं घराणंही आहे. जपानच्या रोलंड कंपनीचा १९७५चा जेसी-१२० हा ॲम्प त्याच्या निर्मळ आवाजासाठीच आजही मागितला जातो. आता तिसरा पर्याय डिजिटलचा. ट्यूब ॲम्पचं वागणं गणितात बसवून चिपवर चालवतात. खुद्द फेंडरने २०१९ मध्ये आपल्या जुन्या ॲम्पच्या अशा आवृत्त्या काढल्या. दिसायला त्याच, वजन जवळपास निम्मं. नुसतं रेकॉर्डिंग ऐकून खरा कोणता, नकली कोणता हे ओळखायला भलेभले चाचपडतात. खोलीत स्वतः वाजवताना हाताला जाणवणारा फरक अजून थोडा शिल्लक आहे, तोही वर्षागणिक घटतो आहे.

१२ वॅट पुरतात का?

पुरून उरतात, आणि घरात तीच अडचण आहे. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर ताकद साधारण दहापट लागते. म्हणजे १२ वॅटच्या दुप्पट आवाजाला २४ नाही, १२० वॅट हवेत. गिटारचे स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावरून साधारण ९५ ते १०० डेसिबल देतात. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हिशेब तुम्हीच करा.

मुलाला हवा तो आवाज मात्र ॲम्प ताणल्यावरच येतो. ट्वीड डिलक्सचा नॉब अर्ध्याच्या पुढे नेला की आवाज फारसा वाढत नाही, फाटणं वाढतं. शेजाऱ्यांसाठी तो दोनवर ठेवला तर पैसे ट्यूबचे आणि आवाज साध्या ॲम्पचा अशी गत होते. यावर उपाय आहेत: ५ वॅट किंवा त्याहूनही लहान ट्यूब ॲम्प, किंवा ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसवायचा ॲटेन्युएटर. हा ताकदीचा मोठा भाग उष्णतेत जिरवतो. आणि सगळ्यात शांत उपाय म्हणजे हेडफोन लावून वाजवायचं डिजिटल यंत्र.

घ्यायचाच झाला तर काळजी कोणती?

अमेरिकेतून कोणी नातेवाईक जुना ॲम्प आणून देत असेल तर आधी तो किती व्होल्टचा ते पाहा. तिकडचे बहुतेक ॲम्प ११०-१२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की पहिल्याच मिनिटात धूर. चांगल्या क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. १९५०-६०च्या दशकांतल्या मूळ ॲम्पना दोन पिनांची वायर असते, अर्थिंग नसतं. गिटारच्या तारा थेट ॲम्पच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, म्हणून अशा ॲम्पला जाणकाराकडून तीन पिनांची अर्थिंगवाली वायर बसवल्याशिवाय हात लावू देऊ नका.

स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही तर त्यात प्रचंड दाब उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्झिस्टरची सवय असलेली मुलं नेमकी इथे फसतात. दुसरं म्हणजे, बंद केलेला, प्लग काढलेला ॲम्पही मागून उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट बराच वेळ साठून राहतात आणि ते जीव घेऊ शकतात. दुरुस्तीला जुना रेडिओ किंवा पीए सिस्टिम हाताळलेला मेकॅनिक मिळाला तर उत्तम.

ट्यूब मिळतील का, ही काळजी मात्र करू नका. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये त्या आजही बनतात. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाकडचा पुरवठा काही काळ अडखळला, तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांचे धाबे दणाणले होते. छोट्या ट्यूब वर्षानुवर्षं चालतात. मोठ्या, रोज वाजवणाऱ्याकडे, दोन-तीन वर्षांत बदलाव्या लागतात. एखादी छोटी ट्यूब पेन्सिलीने हलकेच ठोकल्यावर स्पीकरमधून ‘टिंग’ असा मोठा आवाज आला, तर ती थकली समजा.

मग घेऊन देऊ का?

दुकानात त्याच्याबरोबर तुम्हीही जा. गिटार थेट ॲम्पला जोडायला सांगा, मध्ये आवाज बदलणारं एकही पेडल नको. व्हॉल्यूम इतका ठेवायचा की हळू छेडल्यावर सूर निर्मळ आणि जोर दिल्यावर किरकिरा यावा. मग ॲम्पला हात न लावता गिटारवरचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणायला सांगा. चांगला ॲम्प असेल तर फाटलेला आवाज तिथल्या तिथे स्वच्छ होतो. आता हीच परीक्षा शेजारच्या डिजिटल ॲम्पवर घ्या, आणि या वेळी मुलाच्या हाताकडे बघा. ट्यूबच्या ॲम्पवर तो बोटांच्या जोराने रंग बदलत वाजवत असेल, तर फरक त्याच्या हाताला कळतो आहे. ५ वॅटच्या आसपासचा छोटा ॲम्प घेऊन द्या, पैसे वाया जाणार नाहीत. दोन्हींवर तो सारख्याच जोराने, सारखंच वाजवत असेल, तर सध्या डिजिटल ॲम्प घ्या आणि वाचलेल्या पैशांत त्याला वर्षभर चांगल्या शिक्षकाकडे पाठवा. हात तयार झाला की ट्यूबचा ॲम्प कधीही घेता येईल. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं सर्किट आणखी चार वर्षांनी काही जुनं होणार नाही.